चॉकलेट तपासणाऱ्या अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझं मशीन चालू होतं. चॉकलेटचं मशीन म्हणजे इडलीचं पीठ वाटायच्या मोठ्या ग्राइंडरचं भावंडच. आतली दगडी चाकं फिरत राहतात, भाजलेला कोको आणि साखर रगडत राहतात, आणि एकदा सुरू केलं की दोन-दोन दिवस ते बंद करता येत नाही. फोनवर आमचे वकीलसाहेब होते, म्हणजे माझे यजमान, अक्कांचे धाकटे भाऊ. जालन्याच्या हॉस्पिटलमधून बोलत होते. "वैशाली, अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी बटणाकडे वळले, पण बंद करायचं धाडस होईना. मध्येच थांबवलं तर आतला माल घट्ट होऊन बसतो, आणि मी अर्धवट रगडलेला माल वाया घालवला हे अक्कांना कळलं असतं तर... त्या गेल्यात हे आत्ताच ऐकलं होतं, तरी त्यांचा ओरडा मला स्पष्ट ऐकू आला. शेजारणीला मशीनपाशी बसवलं, डोळे पुसले आणि अंबडहून जालन्याची बस धरली. आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, पडलेल्या चेहऱ्यानं बसतात, चहा होईस्तोवर कुणीतरी अक्कांचा एखादा किस्सा काढतं आणि सगळी बैठक हसायला लागते. दुखवट्याच्या घरात एवढा हशा आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला असेल.

अक्का म्हणजे सुमन, माझी थोरली नणंद. रसायनशास्त्र शिकलेल्या. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या लागल्या तेव्हा त्यांचं काम एकच होतं, कुठल्या बीमध्ये कुठलं आणि किती तेल आहे ते पाहायचं. सरकी, सोयाबीन, आणि सगळ्यात जास्त करडई. पुढं ती नोकरी सोडून त्या एका खासगी प्रयोगशाळेत गेल्या. तिथं खाण्याचे पदार्थ तपासायला यायचे. तूप, मध, खवा, आणि नंतर नंतर चॉकलेट. स्टेशनजवळ बँकेच्या वर त्यांची दोन खोल्यांची जागा होती, तिथं त्या एकट्या आणि आनंदात राहायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "सँपल लई आले. पास एकबी झाला न्हाई." हे मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा ऐकवलं, आणि वर माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी पास की नापास, ते मात्र सांगितलं नाही.

चॉकलेट खाण्याची त्यांची एक पद्धत होती. आपण चावतो, त्या चावायच्या नाहीत. तुकडा जिभेवर ठेवायचा, तोंड मिटायचं, डोळे मिटायचे. अस्सल चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचं स्वतःचं स्निग्ध असतं, त्याला कोको बटर म्हणतात. ते अंगाच्या उबेनं तोंडात पटकन विरघळतं आणि मागं काही ठेवत नाही. स्वस्त माल, ज्याला बाजारात कंपाउंड म्हणतात, त्यात ते काढून पामतेलाच्या जातीचं काहीतरी घातलेलं असतं. ते टाळूला मेणासारखं चिकटतं. आता हे अक्कांनी मनातल्या मनात ओळखलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण अंबडला एका हळदीकुंकवाला वाण म्हणून छान चंदेरी कागदातली चॉकलेटं वाटली, आणि अक्का भर बायकांत डोळे उघडून म्हणाल्या, "पाम." यजमानीण बिचारी म्हणाली, "अहो अक्का, लई भारी माल आहे. उन्हाळ्यातबी वितळत न्हाई!" आमच्याकडे हीच परीक्षा. जालन्याचा मे महिना ज्यानं पचवला ते चॉकलेट पक्कं, आणि जे हातात वितळलं ते कच्चा माल. अक्का म्हणाल्या, "बाई, जे मे महिन्यात वितळत न्हाई ते चॉकलेट न्हाई, ती मेणबत्ती आहे." त्यानंतर अंबडमध्ये अक्कांना हळदीकुंकवाला बोलावताना बायका वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे द्यायला लागल्या.

मला त्यांची गंमतही वाटायची आणि रागही यायचा. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यावर घर रिकामं रिकामं झालं होतं. एकदा मी चिडून म्हणाले, "सारखी नावं ठेवता, मग खरं कसं असतं ते एकदा दाखवा तरी." पुढच्या रविवारी अक्का ओंजळभर कोकोच्या बिया घेऊन हजर. वास आंबूस, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. शेंगदाणे भाजतो तशा तव्यावर भाजल्या, हातानं चोळून टरफलं पाखडली, खलबत्त्यात कुटल्या, साखर घातली. झालं ते खरखरीत होतं, दातात येत होतं, पण घरभर असा वास सुटला की कोर्टातून आलेले वकीलसाहेब बूट न काढता थेट स्वयंपाकघरात आले. त्या दिवशी मला माझं काम सापडलं, हे मी आज अगदी छातीठोकपणे सांगते. मग मशीन आलं, साचे आले. बिया मी आंध्रातल्या एका नारळाच्या बागेतून व्यापाऱ्यामार्फत मागवायला लागले, तिकडे नारळाखाली कोको लावतात. ती बाग गोदावरीच्या काठची. आपल्या अंबड तालुक्याच्या अंगावरून जाणारी नदी तिकडे समुद्राजवळ पोचताना कोकोला पाणी पाजते, ह्या कल्पनेनंच मी हरखून गेले होते. पाकिटावर मी हौसेनं छापलं, "गोदावरीकाठचा कोको. कोको बटरशिवाय दुसरं तेल-तूप नाही." अक्कांनी पाकीट हातात घेऊन वाचलं आणि म्हणाल्या, "हे दोन दावे झाले. दोन्ही सिद्ध करावे लागतील."

म्हणून आम्ही दोघी त्या बागेत गेलो. नणंद-भावजयीनं मिळून केलेला तो पहिलाच प्रवास, रेल्वेनं आधी सिकंदराबाद आणि पुढं गाड्या बदलत. अक्कांनी मला वाटेत समजावलं. झाड जमिनीतून पाण्याबरोबर धातूंचे बारीक बारीक अंश उचलतं, ते बीमध्ये साठतात. आफ्रिकेतली माती वेगळी, केरळातली वेगळी, गोदावरीकाठची वेगळी, त्यामुळं बीमधला हिशेबही वेगळा. पण नुसत्या यंत्राला ते कळत नाही. यंत्राला शेजारी ठेवायला खात्रीचं काहीतरी लागतं, ज्याच्याशी ताडून बघता येईल. म्हणून अक्कांनी बागेत स्वतः झाडावरची फळं तोडली, फोडून बिया काढल्या, झाडाखालची माती पुड्यांत भरली. बागवाल्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि अक्कांना तेलुगू येत नव्हतं, तरी दोघांनी खताबद्दल तासभर वाद घातला. परतीच्या गाडीत समोरच्या गृहस्थानं पुड्यांकडे बघून विचारलं, "बाई, ह्यात काय आहे?" अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "पुरावा." ते गृहस्थ पुढच्या स्टेशनवर डबा बदलून गेले. आम्ही पाय पसरून आलो.

त्या पुड्या हैदराबादला अक्कांच्या ओळखीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या, कारण धातू मोजायचं यंत्र इथं नव्हतं. सोबत व्यापाऱ्यानं मला पाठवलेल्या पोत्यातल्या बियाही गेल्या. काही दिवसांनी अक्कांचा फोन आला. "जुळतंय. पोत्यातला माल त्या बागेचा न्हाई असं म्हणायला काही कारण दिसत न्हाई." मी म्हणाले, "म्हणजे त्याच बागेचा आहे ना?" "तेच म्हणलं मी." ह्यापेक्षा सरळ बोलणं अक्कांच्या धंद्यात बसत नव्हतं.

दसरा आला, गेला. दिवाळी तोंडावर आली. जुन्या जालन्यात सलीमभाईंचं सुक्यामेव्याचं दुकान आहे, माझं चॉकलेट त्यांच्याकडेच विकायला असतं. संभाजीनगरच्या त्यांच्या एका बड्या गिऱ्हाइकाला दिवाळीच्या भेटीसाठी भरपूर डबे हवे होते. आमच्या घरात आनंदीआनंद. मी रोज रगडतेय, सासूबाई टरफलं पाखडतायत, वकीलसाहेब निकालपत्रं सोडून डब्यांना फिती बांधतायत. आणि एका दुपारी सलीमभाई स्वतः अंबडला आले. चहाला हात लावेनात. खिशातून एक कागद काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, गिऱ्हाइकानं एक डबा बाहेर तपासून घेतला. त्याच्यात दुसरं तेल निघालं म्हणतेत. मी तर बिलकुल न्हाई मानत. पर त्यो आदमी म्हणून राह्यला, पाकिटावर झूट लिहिलंय."

पैशाचं सोडा. ज्या बाईनं पाकिटावर मोठ्या अक्षरात 'दुसरं तेल नाही' छापलं तीच तेल घालते, हे एकदा बाजारात झालं की परत कुणाच्या हातात माझं चॉकलेट जाणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाजाराच्याही आधी मला आठवल्या त्या अक्का. त्यांनी डोळे उघडून माझ्याबद्दल तोच एक शब्द उच्चारला तर?

मी त्याच मालातला एक डबा घेऊन जालन्याला गेले. अक्कांनी चष्मा लावला, चॉकलेटमधलं स्निग्ध वेगळं काढलं आणि त्यांच्या यंत्राला दिलं. ते यंत्र तेलातुपाचे घटक सुटे करून कागदावर एकामागून एक टोकं काढतं, उंच, बुटकी, जवळ, लांब. प्रत्येक तेलाची टोकांची ठेवण वेगळी. अक्कांनी कागद बघितला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "रिपोर्ट बरोबर आहे. दुसरं तेल आहे." मी म्हणाले, "अक्का, देवाशप्पथ मी काही घातलं नाही." "शपथ यंत्रात घालता येत न्हाई, वैशाली." मी रडायला लागले. म्हटलं, मग तुमच्या हातानं एक चांगला रिपोर्ट लिहून द्या, तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे ते. अक्का खुर्चीतून उठल्या, मला पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्टात नणंद-भावजय बसत न्हाई." त्या पाण्याला तोंड न लावता मी निघून आले. बसमध्ये अख्खा रस्ता मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले, आणि ते भांडण मी एकटीच असल्यानं प्रत्येक वेळी जिंकले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्का अंबडला. हातात तोच कागद. चप्पल काढता काढताच विचारलं, "लाकडी घाण्याचं करडईचं तेल कुठं ठेवता तुम्ही?" मी म्हणाले, "ते कशाला? स्वयंपाकघरात, भाकरीबरोबर चटणीवर घेतो तेच." अक्का कागदावरच्या एका टोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे टोक मी झोपेतबी ओळखीन. माझी निम्मी नोकरी करडईत गेली. रात्रभर ह्याच्यावरच विचार केला. भेसळ करणारा माणूस स्वस्त तेल घालतो. घाण्याचं करडईचं तेल घालून कोण भेसळ करील? त्याचं तर दिवाळंच निघंल! म्हणजे हे कुणी भेसळ म्हणून घातलेलं न्हाई. मंग कसं गेलं?"

कोपऱ्यात सूप घेऊन बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "करडईचं व्हय? त्ये तर म्या घातलं."

वकीलसाहेबांच्या हातातली फीत खाली पडली.

"माय, काय घातलं?" अक्का.

"खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली का न्हाई? इळ्याला तेल लावलं, शिलाई मशीनला लावलं, ह्याच्या फटफटीच्या चाकाला लावलं. मंग ह्या मशीननं काय पाप केलं? समद्यात जास्त तर त्येच राबून राह्यलं. दगड निस्ते कोरडे ठणठणीत. वाटीभर तेल पाजलं, जरा फिरवलं, हळद-कुकू वाह्यलं. कसं गुमान चालाया लागलं मंग!"

मी तेव्हा पुरणपोळ्या लाटत होते, मला पत्ताच नव्हता. नंतरचा माल साच्यात जरा मऊ राहिला होता खरा, पण मी म्हटलं ऑक्टोबरची हीट. अक्कांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत आईकडे बघितलं. म्हणाल्या, "माय, तू भेसळ केली." सासूबाई ताडकन म्हणाल्या, "पूजा केली म्हण!" आणि अक्का, ज्यांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग मी हसले, वकीलसाहेब हसले, आणि आपल्याला का हसतायत ते न कळून सासूबाई सगळ्यांवर रागावल्या.

पण हसून झाल्यावर अक्कांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माय म्हणती म्हणून चालत न्हाई. दिसलं पाहिजे." त्यांनी नवमीच्या आधीचं चॉकलेट घेतलं, नवमीनंतर मशीनमधून निघालेला पहिला माल घेतला, मग त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा, आणि अगदी ताजा. सगळे कागद त्यांनी मला प्रयोगशाळेच्या टेबलावर एका खाली एक मांडून दाखवले. नवमीच्या आधी ते टोक एवढंसं, कोकोचं स्वतःचं असतं तेवढंच. पहिल्या घाण्यात एकदम उंच. दुसऱ्यात उतरलेलं, तिसऱ्यात अजून खाली, आणि शेवटी परत एवढंसं. "भेसळ करणारा दर वेळी तेवढंच घालतो," अक्का म्हणाल्या. "पूजा एकदाच होती. दगडांनी पिलेलं तेल हळूहळू निघून गेलं. हे बघ, जाताना दिसून राह्यलं." त्यांच्या आवाजात मला चक्क माया ऐकू आली. त्या टोकाबद्दल असेल, माझ्याबद्दल असेल, आईबद्दल असेल.

रिपोर्टात मात्र त्यांनी कुणाला सोडलं नाही. नवमीनंतरचे सुरुवातीचे घाणे पाकिटावर लिहिल्याप्रमाणे नाहीत, पुढचे आहेत, असं स्वच्छ लिहिलं. मी ते सगळे डबे परत आणले. सासूबाईंनी त्यांचा ताबा घेतला आणि गल्लीत घरोघर वाटले, "खंडेनवमीचा प्रसाद" म्हणून. सलीमभाईंनी गिऱ्हाइकाला सगळा प्रकार फोनवर सांगितला. पलीकडचा माणूस इतका हसला की सलीमभाईंनी फोन कानापासून लांब धरला. त्यानं नव्या मालाची मागणी कायम ठेवली आणि वर विचारलं, त्या पूजेच्या मालातला एखादा डबा उरलाय का? "भाभी," सलीमभाई मला म्हणाले, "अब तो तुमचा माल पक्का झाला. आपानं स्वतःच्या अम्मीला न्हाई सोडलं, ते तुम्हाला काय सोडणार!"

पुढच्या खंडेनवमीला अक्का मुद्दाम आल्या. येताना छोट्या वाटीत वितळवलेलं कोको बटर आणलं होतं. आईच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे पाज मशीनला. किती पाजायचं तेवढं पाज." सासूबाईंनी वास घेऊन नाक मुरडलं, पण पाजलं. तेव्हापासून आमच्याकडे हाच रिवाज आहे.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट अक्कांनी मला कधी दिली नाही. माझं चॉकलेट चांगलं आहे, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी खोदून खोदून विचारायचे. "कसं झालंय?" "लेबलाप्रमाणे आहे." "ते झालं हो, पण लागतं कसं?" "लागायचं मोजमाप माझ्याकडं न्हाई." हॉस्पिटलमध्ये असताना एका नर्सनं वाढदिवसाचं चॉकलेट दिलं तर अशक्त आवाजात तिलाही "पाम" म्हणून मोकळ्या झाल्या. तिला वाटलं, गुंगीत काही बोलतायत. मी शेवटचं भेटायला गेले त्या दिवशी माझ्या चॉकलेटचा बारीक तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिले... बघत राहिले. मग डोळे उघडून म्हणाल्या, "परतीची बस कधीची आहे तुझी?" मला तेव्हा वाईट वाटलं. आजही वाटतं, पण त्या आठवणीनं ओठ आधी हसतात.

गेल्या आठवड्यात त्यांचा डबा आणि एप्रन आणायला प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या जागी आता शुभांगी आहे, कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेली. तिनं सामान बांधून ठेवलं होतं. मी निघाले तर म्हणाली, "वहिनी, थांबा. एक दाखवायचंय." तिनं कोपऱ्यातला फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात एक काचेची बरणी, आणि बरणीत माझं पाकीट. माझंच. गोदावरीकाठचा कोको. मला वाटलं, अक्कांचं खायचं असेल. शुभांगी म्हणाली, "न्हाई हो. कुठूनबी चॉकलेट तपासायला आलं ना, आधी यंत्रात हे चालवतो, मंग ते. अस्सल कसं दिसतं ते ह्याच्यावरून बघायचं, असं म्याडमनं ठरवून दिलंय. तेल निघाल्याचा तो घोळ मिटला, तवापासून."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि मनसोक्त रडले, सुखानं रडले. जालन्यात येणारं प्रत्येक चॉकलेट इतकी वर्षं माझ्या चॉकलेटशेजारी उभं करून बघितलं जात होतं, आणि त्या माझ्या तोंडावर "लेबलाप्रमाणे आहे" म्हणत होत्या! डोळे पुसल्यावर दिसलं की बरणीतल्या पाकिटात एक छोटा तुकडाच उरलाय. सलीमभाईंना द्यायचा ताजा माल माझ्या पिशवीत होताच. मी त्यातलं एक पाकीट काढून शुभांगीपुढं धरलं.

शुभांगीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "तुमच्याकडून न्हाई घेता येत, वहिनी. म्याडम स्वतः जाऊन सलीमभाईच्या दुकानातून विकत आणायच्या. बनवणाऱ्याच्या हातून सँपल घ्यायचं न्हाई, मंग त्यो देव का असंना, असं म्हणायच्या."

मी पाकीट परत पिशवीत टाकलं. "बरोबर आहे," मी म्हणाले. "चल मग सलीमभाईंकडं. मी हा माल त्यांच्या फळीवर मांडते आणि बाहेर येऊन उभी राहते. मग तू आत जा, आणि तुला हवं ते उचल."